एका कागदावरचे दोन तीर
जुन्या भूनकाशांतून दिसणारा गोमंतक

भूतकाळाचा शोध घेताना अभ्यासकाचा हात प्रथम ताम्रपटाकडे, शिलालेखाकडे, बखरीकडे किंवा दप्तरातील कागदाकडे वळतो. नकाशाकडे मात्र वाटसरूच्या सोयीचे एक साधन म्हणूनच पाहण्याची सवय जडलेली आहे. मुक्कामास पोहोचल्यावर तो घडी घालून बाजूस ठेवावयाचा, एवढेच त्याचे महत्त्व मानले जाते. वस्तुतः जुना नकाशा हाही एक लेखच होय. कोणत्या वर्षी कोठे वस्ती होती, नदी कोठून उतरण्याजोगी होती, कोणत्या टेकडीआड कोणते गाव वसले होते, ह्याची साक्ष तो निःशब्दपणे देतो. एका नकाशावर भूमी स्थिर दिसते. परंतु निरनिराळ्या काळांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे त्याच भूमीवरील देव, माणसे आणि गावांची नावे चालू लागलेली दिसतात. ह्या दृष्टीने अभ्यासण्यास गोमंतकासारखा दुसरा प्रदेश क्वचितच सापडेल.

पत्रकाची भाषा

भारतीय सर्वेक्षण खात्याची स्थापना १७६७ साली झाली. मद्रासेजवळ १८०२ मध्ये लॅम्बटन ह्याने पायारेषा मोजून त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे ह्या देशाचे डोंगर, नद्या व गावे कागदावर उतरत राहिली. त्यातून सिद्ध झालेल्या नकाशांत एक इंचास एक मैल, म्हणजे १:६३,३६० ह्या प्रमाणाची पत्रके सर्वांत परिचयाची ठरली. दशमान पद्धती आल्यावर त्यांची जागा १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकांनी घेतली. परंतु देशाची चौकटींत केलेली विभागणी तीच राहिली. चार अंशांच्या मोठ्या चौकटीस एक क्रमांक, तिच्यातील एकेका अंशाच्या चौकटीस एक रोमन अक्षर आणि त्या अक्षरातील पंधरा कलांच्या चौकटीस पुन्हा एक क्रमांक, अशी ही रचना आहे.

ह्या रचनेप्रमाणे गोव्याचा बहुतेक प्रदेश ४८ ई आणि ४८ आय ह्या दोन चौकटींत येतो. त्यांपैकी ४८ ई/१५ हे पत्रक विशेष लक्ष देऊन वाचावे असे आहे. उत्तर अक्षांश १५°१५′ ते १५°३०′ आणि पूर्व रेखांश ७३°४५′ ते ७४° ह्यांमधील, सुमारे २७ किलोमीटर लांब व तितकाच रुंद असा हा प्रदेश. पश्चिमेस मुरगावचे बंदर, दक्षिणेस मडगाव, उत्तरेस तिसवाडीचा दक्षिण भाग, पूर्वेस फोंड्याच्या डोंगररांगा आणि ह्या सर्वांच्या मधून आग्नेयेकडून वायव्येकडे रुंदावत जाणारे जुवारीचे, म्हणजेच परंपरेतील अघनाशिनीचे निळे पात्र. जुन्या गोव्याची वस्ती ह्या पत्रकाच्या अगदी वरच्या कडेस लागून आहे.

अशा पत्रकाची भाषा थोड्या सरावाने अवगत होते. निळा रंग पाण्याचा, हिरवा झाडीचा, पिवळा लागवडीचा, तांबडा रस्त्यांचा व वस्तीचा. तपकिरी समोच्चरेषा जेथे एकमेकींस खेटतात, तेथे चढण उभी; जेथे त्या दूर सरतात, तेथे पठार किंवा खलाटी. देवळास एक खूण, चर्चला दुसरी, मशिदीस तिसरी. गावांची नावे वाचताना मात्र गोव्याच्या बाबतीत थोडी सावधगिरी बाळगावी लागते. कारण येथील नावे पोर्तुगीज लेखनपद्धतीतून इंग्रजी नकाशांवर आली. नावाच्या शेवटी पोर्तुगीजांनी जोडलेला ‘म’ हा उच्चारावयाचा वर्ण नसून केवळ अनुनासिकाची खूण आहे, हे ज्यास ठाऊक नाही तो केपे गावास ‘क्वेपेम’, पेडण्यास ‘पेर्नेम’ आणि डिचोलीस ‘बिचोलिम’ म्हणू लागतो. हा पडदा दूर केला, म्हणजे कागदावरील परकी नावे पुन्हा ओळखीची होतात आणि कुळांच्या आठवणींत जपलेली गावे एकामागून एक समोर येतात.

एक वीत अंतर

ह्या पत्रकावर जुवारीच्या दक्षिण तीरास कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी सापडते. तिच्याच आसमंतात केळोशी व शंखवाळ. आणखी दक्षिणेस वेर्णे व लोटली, समुद्राच्या बाजूस कोलवा. ही सर्व जुन्या सासष्टीतील गावे होत. आता दृष्टी नदी ओलांडून ईशान्येकडे न्यावी. प्रियोळच्या परिसरात मंगेशी व म्हार्दोळ, त्याखाली कवळे, बांदिवडे, रामनाथी. कुशस्थळीचा मंगेश मंगेशीस आहे. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. लोटलीचा रामनाथ रामनाथीस. शंखवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगास. रायेची कामाक्षी तेवढी शेजारच्या पत्रकावर, शिरोड्यास गेली.

ह्या दोन मालिकांमधील अंतर पत्रकावर मोजले असता मन क्षणभर थबकते. मूळ स्थान आणि आजचे स्थान ह्यांमधील सरळ रेषा बहुतेक ठिकाणी पंधरा किलोमीटरांच्या आतच भरते. एक इंची नकाशावर हे अंतर वीतभरही नाही. ज्या घटनेचे स्मरण कुळाचारांतून, पालखीच्या परंपरेतून आणि घराघरांतील कथांतून साडेचारशे वर्षांहून अधिक काळ टिकले, ती सारी घटना कागदावर हाताच्या पंजाखाली झाकली जाते.

एवढ्या थोड्या अंतराने एवढा मोठा फरक कसा पडला, ह्याचे उत्तरही त्याच कागदावर आहे. तिसवाडी १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती पडली. १५४३ मध्ये बारदेश व सासष्टी हे प्रांत त्यांच्या सत्तेखाली गेले. जुवारीच्या पलीकडील अंत्रुज, म्हणजे आजचा फोंडा तालुका, विजापूरच्या आदिलशाहीत राहिला. आज पत्रकावर जी रेषा केवळ तालुक्यांची हद्द दाखविते, ती त्या काळी दोन राज्यांची सीमा होती. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली. सासष्टीवर तोच प्रसंग १५६० नंतरच्या दशकात आला आणि १५६७ मध्ये त्याने कळस गाठला. देवांच्या प्रयाणाची जी वर्षे परंपरेने सांगितली जातात, ती ह्याच दशकात एकवटलेली आहेत. ज्यांनी रात्रीच्या अंधारात मूर्ती व लिंगे होड्यांत घालून नेली, त्यांना दूरचा प्रवास करावयाचा नव्हता. त्यांना केवळ पलीकडचा तीर गाठावयाचा होता.

समोच्चरेषा ह्यापुढे आणखी एक गोष्ट सांगतात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, बांदिवडे ही स्थाने नदीच्या उघड्या काठावर नाहीत. ती डोंगरांच्या कुशीत, झऱ्यांच्या व कुळागरांच्या खोलगट भूमीत आहेत. नदीतून जाणाऱ्या गलबतावरून त्यांचे शिखर दिसू नये, इतकी आड त्यांना मिळालेली आहे. आश्रयाचे स्थान निवडताना पाणी, लागवड आणि दृष्टिआडपण ह्या तीन गोष्टी एकत्र मिळाव्यात, असा विचार झाला असला पाहिजे. आणि तो विचार ग्रंथांतून नव्हे, तर तपकिरी रेषांतून वाचावयास मिळतो. ज्या राजवटीत हा आश्रय मिळाला ती विजापूरच्या सुलतानाची होती, हेही येथे विसरून चालणार नाही. इतिहासाची वाटणी धर्मांच्या सरळ रेषांनी होत नाही. ती पुष्कळदा नदीच्या वळणांनी होते.

पुढे हीच भूमी मराठ्यांच्या प्रभावाखाली आल्यावर साध्या निवाऱ्यांची जागा भव्य मंदिरांनी घेतली. कवळ्याचे आजचे शांतादुर्गेचे मंदिर शाहू महाराजांच्या दरबारातील नारोराम मंत्री ह्यांच्या प्रयत्नाने १७३८ च्या सुमारास उभे राहिले. रामचंद्र मल्हार सुखटणकर ह्यांच्या सूचनेवरून पेशव्यांनी १७३९ मध्ये मंगेशी गाव देवस्थानास दिला. १७६३ मध्ये फोंडा पोर्तुगीजांकडे गेला तेव्हा दोन शतके लोटली होती. त्या राजवटीचे धोरण पालटले होते आणि ‘नव्या काबिजादीं’तील देवळे जागच्या जागी राहिली. जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी ह्यांमधील तो दोन शतकांचा भेद आजच्या पत्रकावर नदीच्या एका बाजूस चर्चच्या व दुसऱ्या बाजूस देवळांच्या खुणांच्या दाटीने सहज ओळखू येतो.

नावांचा प्रवास

देवांबरोबर नावेही नदी ओलांडून गेली. पत्रकावर आज ‘मंगेशी’ व ‘रामनाथी’ ही स्थळनामे म्हणून छापलेली आहेत. देवाचेच नाव वाडीस मिळाले आहे. म्हाळसेच्या वेर्ण्यातील मूळ जागेस ‘जुने म्हार्दोळ’ म्हणतात. म्हणजे देवीबरोबर तिच्या जागेचे नावही फोंड्याच्या डोंगरांत जाऊन राहिले.

ह्याहूनही बोलके उदाहरण वरच्या पत्रकावर मिळते. मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर नार्वे नावाचे गाव आहे आणि नदीपलीकडे डिचोली तालुक्यातही नार्वे आहे. समोरासमोरच्या दोन तीरांवर एकच नाव पाहून अनभिज्ञ वाचकास नकाशाकाराची चूक वाटावी. परंतु तो इतिहासाचा लेख आहे. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर दिवाडीच्या नार्व्यात होते. ते देऊळ मोडल्यावर लिंग पलीकडच्या तीरावर नेण्यात आले आणि मूळ गावाचे नावही तेथे रुजले. त्या नव्या नार्व्यातील देवालयाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. नावांची अशी जोडी नकाशावर आढळली, म्हणजे तेथे एखादे स्थलांतर घडले असावे, अशी शंका अभ्यासकाने अवश्य घ्यावी.

माणसांच्या नावांनाही हाच न्याय लागू आहे. वेर्णेकर, लोटलीकर, रायकर ही आडनावे म्हणजे एकेक लहानसा नकाशाच होय. बेळगाव, कारवार, मुंबई येथे किंवा आणखी दूर पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेली कुटुंबे ज्या गावाचे नाव धारण करतात, ते गाव त्यांपैकी पुष्कळांनी कधी पाहिलेलेही नसते. परंतु ते ह्या पत्रकावर आहे आणि बोट ठेवून दाखविता येते.

नकाशाचे मौन

तथापि नकाशा हा निःपक्षपाती साक्षीदार आहे असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. जो नकाशा काढवितो, त्याचे प्रयोजन नकाशावर उमटते. डच प्रवासी लिन्शोटेन १५८३ ते १५८८ ह्या काळात गोव्यास आर्चबिशपच्या पदरी होता. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथात गोवा बेटाचा व शहराचा एक सुंदर नकाशा आहे. रस्ते, बाजार, चर्चे, धक्के आणि नदीतील गलबते ह्यांनी तो गजबजलेला आहे. परंतु त्याचा विषय शहर आणि त्याचे वैभव हा आहे; काही दशकांपूर्वी मोडलेल्या देवळांच्या जागा त्यात शोधण्यात अर्थ नाही. १६३५ मध्ये बोकारो व रेझेन्द ह्यांनी सिद्ध केलेल्या किल्ल्यांच्या ग्रंथातही तट, बुरूज व तोफा ह्यांनाच महत्त्व आहे. राज्यकर्त्यास जे राखावयाचे होते, ते त्याने काढून घेतले.

लिन्शोटेनच्या ग्रंथातील मजकूर मात्र नकाशातील एक उणीव भरून काढतो. बेटावरून मुख्य भूमीवर जाण्याच्या उतारांवर पहारे असत आणि पलीकडे सामान आणण्यास जाणाऱ्या लोकांच्या उघड्या दंडावर छाप उमटविला जाई. परत येताना तो दाखवावा लागे, असे तो नमूद करतो. नकाशावर बाणस्तारीचा उतार म्हणजे पाण्याच्या पट्ट्यावरील एक बिंदू. त्या बिंदूवर रोज किती दंड पुढे झाले असतील, हे कोणत्याही समोच्चरेषेने कळावयाचे नाही. सीमा कागदावर शाईने काढलेली असते. ती माणसाच्या अंगावर कशी उमटते, हे सांगण्यास शब्दच लागतात.

दप्तरांचे साहाय्यही असेच घ्यावे लागते. सासष्टीतील देवळे पडली त्याच सुमारास त्यांच्या जमिनींची नोंदवही करण्यात आली. उद्देश महसुलाचा होता. परंतु त्यामुळे कोणत्या गावी कोणता देव होता आणि त्याच्या दिव्यासाठी कोणते शेत नेमलेले होते, ह्याची माहिती आज त्याच नोंदीवरून मिळते. ज्यांनी देवळे नाहीशी केली, त्यांच्याच लेखणीने त्यांची जागा राखून ठेवली, हा इतिहासाचा विचित्र न्याय होय.

उलट केवळ परंपरेवर किंवा केवळ नकाशावर विसंबल्यानेही चूक घडते. फोंड्यातील प्रत्येक देवालय नदीपलीकडून आले असे मानण्याकडे कल असतो. परंतु बांदिवड्यास नागेशाच्या देवळापाशी १४१३ चा शिलालेख आहे आणि त्यात तेथील नागेश व महालक्ष्मी ह्यांच्या देवस्थानांचा उल्लेख आहे. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या शंभर वर्षे आधीपासून ही देवस्थाने तेथे होती आणि कोलव्याहून आलेल्या महालक्ष्मीस तेथे आपल्याच नावाच्या देवीचे घर लाभले. नकाशा, लेख आणि लोकस्मृती ह्या तिघांची साक्ष एकत्र घेतल्यावाचून निर्णय देऊ नये, हा धडा बांदिवडे देते.

पाण्याखालचे गाव

हे सर्व चार शतकांपूर्वीचे म्हणून दूरचे वाटेल. परंतु पूर्वेकडील ४८ आय चौकटीतील जुने पत्रक उघडले, तर तसाच एक प्रसंग अगदी अलीकडचा आढळतो. सांगे तालुक्यात साळावली नदीच्या खोऱ्यात, धरणापूर्वीच्या नकाशावर, कुर्डी हे गाव आहे. धरणानंतरच्या नकाशावर त्याच जागी निळा रंग आहे. साळावलीच्या धरणाने दक्षिण गोव्यास पिण्याचे पाणी व शेतीस पाट दिले. त्यासाठी १९८० नंतरच्या दशकात कुर्डीची घरे, शेते, देवळे, चॅपेल आणि मशीद ही सर्व पाण्याखाली गेली. गावकऱ्यांचे पुनर्वसन दुसरीकडे झाले. १९०४ मध्ये जन्मलेल्या थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर ह्यांच्या नावातून ते गाव संगीताच्या इतिहासात मात्र कायम राहिले आहे. दर वर्षी मे महिन्यात जलाशय ओसरला, म्हणजे घरांचे चौथरे, वाटा व विहिरी उघड्या पडतात आणि जुने रहिवासी सोमेश्वराच्या उत्सवासाठी तेथे एकत्र जमतात. पहिल्या पावसाबरोबर गाव पुन्हा बुडते.

ह्या वेळी कोणी देवळे मोडली नाहीत. कुर्डीचे कदंबकालीन महादेवाचे देऊळ पुरातत्त्व खात्याने उलगडून सुमारे १७ किलोमीटर अंतरावर पुन्हा उभारले. दोन्ही प्रसंगांची तुलना करणे अन्यायाचे होईल. एकात जुलूम होता, दुसऱ्यात लोकोपयोगी कार्य. तरीही ज्याचे घर सुटते, त्याच्या मनातील मूळ जागेची ओढ दोन्ही वेळी एकच असते. आणि मूळ जागा कोठे होती हे निश्चित सांगणारा कागद दोन्ही वेळी तितकाच मोलाचा ठरतो.

कुर्डीच्या त्या खोऱ्यात जांभ्या दगडात कोरलेली मातृदेवतेची एक पुरातन मूर्ती होती. पाणी चढण्यापूर्वी तीही हलविणे प्राप्त झाले. तिला नेण्यात आले ते वेर्ण्यास, म्हाळसेच्या जुन्या स्थानी. सोळाव्या शतकात जेथून एका देवीला रातोरात जावे लागले, त्याच भूमीने विसाव्या शतकात निराश्रित झालेल्या दुसऱ्या देवीस जागा दिली. पहिली जुवारी ओलांडून उत्तरेस गेली. दुसरी त्याच जुवारीच्या वरच्या खोऱ्यातून खाली आली. दोन्ही पत्रके एकमेकांस जोडून पाहिल्याखेरीज हा योग ध्यानात येत नाही.

जुने भूनकाशे आज पूर्वीइतके दुर्मीळ राहिलेले नाहीत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वेक्षण खात्याची पत्रके सामान्य नागरिकासही अधिक सुलभ झाली आणि अनेक ग्रंथालयांनी आपल्याजवळील जुने नकाशे पाहण्यासाठी खुले केले. तेव्हा ज्या घरी वडीलधारी मंडळी अजून जुन्या गावाच्या खुणा सांगू शकतात, तेथे असे एखादे पत्रक त्यांच्यापुढे पसरावे. ओढा कोणता, देवाचे शेत कोणते, होडी कोठे लागत असे, हे त्यांच्या तोंडून ऐकावे आणि त्या त्या जागी पेन्सिलीने लिहून ठेवावे. नकाशाकाराने जे लिहिले नाही, ते लिहिण्याची वेळ अजून गेलेली नाही. स्मरण करणारी पिढी सरली, म्हणजे कागदावर राहील ती केवळ निळी रेषा. आणि तिच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरास कोण, केव्हा व का गेले, हे सांगण्यास कोणीही उरणार नाही.